मॉरिशसचा मधुचंद्र : गाडी किती दिवस घ्यावी आणि किराणा कधी भरावा

लग्नानंतर अकराव्या दिवशी आम्ही दोघे मॉरिशसच्या विमानतळावर, गाडी भाड्याने देणाऱ्या एका एजन्सीच्या खिडकीसमोर उभे होतो आणि आतला कर्मचारी माझ्या नवऱ्याचे डेबिट कार्ड अतिशय नम्रपणे परत करत होता. अनामत रक्कम फक्त क्रेडिट कार्डावर अडकवली जाते आणि ते कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे लागते, हे आरक्षणाच्या ईमेलमध्ये अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले होते. क्रेडिट कार्ड होते माझ्याकडे आणि चालक म्हणून नाव दिलेले होते त्याचे. माझा परवाना पर्समध्ये होता म्हणून निभावले. करार माझ्या नावाने नव्याने लिहिला गेला, त्यात पाऊण तास गेला आणि तेवढ्यात वाटेवरचे सुपरमार्केट बंद झाले. त्या रात्रीचे आमचे जेवण म्हणजे विमानात मिळालेले दोन बन आणि सासूबाईंनी निघताना हातात कोंबलेली मेतकुटाची बरणी.

गाडी आणि किराणा या दोन वेगळ्या तयाऱ्या समजून आम्ही दोन वेगळ्या याद्या केल्या होत्या, आणि घोळ तिथेच झाला. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली की बाजार किती लांब आहे हा प्रश्न येतो, बाजार लांब असला की गाडी लागते, आणि गाडी ज्या दिवशी हाताशी असेल त्याच दिवशी पाण्याच्या बाटल्यांसारखे जड सामान आणणे शहाणपणाचे ठरते. म्हणून मुक्काम, गाडीचे दिवस आणि खरेदीचे दिवस एकाच कागदावर मांडावेत. पुढची मांडणी सात रात्रींसाठी आहे.

तारीख आणि मुक्कामाचे ठिकाण

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट चालतात. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरून डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्यांना तिथे उन्हाळा, दमट हवा आणि चक्रीवादळांचा हंगाम भेटतो, तर मे महिन्यातल्या मुहूर्तांनंतर जाणाऱ्यांना कोरडी, सुखद हवा मिळते. डिसेंबरच्या अखेरीस युरोपातले पर्यटक मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे त्या दिवसांत गाड्यांचे भाडे चढते आणि ऑटोमॅटिक गाड्या आधी संपतात. अशा वेळी लग्नाच्या हॉलइतक्याच तत्परतेने, निदान दोन महिने आधी, गाडी ठरवून ठेवावी. वादळाचे इशारे तिथे १ ते ४ अशा चढत्या श्रेणींनी दिले जातात. तिसरी श्रेणी लागली की घराबाहेर पडायचे नसते, म्हणून तिथल्या उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी दोन दिवसांचे पाणी आणि न शिजवता खाता येईल असे काहीतरी कायम घरात ठेवावे.

बेट तसे लहान आहे. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५ किलोमीटर, म्हणजे लांबीने चर्चगेट ते विरारपेक्षा थोडे अधिक. पण विमानतळ आग्नेयेला माहेबूरजवळ आहे आणि बहुतेक जोडप्यांना आवडणारे किनारे उत्तरेला किंवा पश्चिमेला आहेत. उत्तरेच्या ग्राँ बे या गावापर्यंत सव्वा तास आणि पश्चिमेच्या फ्लिक आँ फ्लाकपर्यंत साधारण एक तास धरावा. पूर्वेचा बेल मारचा किनारा देखणा आहे, मात्र तिथल्या थंडीच्या महिन्यांत आग्नेयेचा वारा सतत वाहतो आणि मोठ्या खरेदीसाठी फ्लाक गावापर्यंत जावे लागते. नैर्ऋत्येच्या ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी तर किराण्यासाठी प्रत्येक वेळी गाडीच काढावी लागते. स्वतः थोडेफार रांधून राहायचे असेल तर माझे मत फ्लिक आँ फ्लाक किंवा ग्राँ बे यांच्याच बाजूने आहे, कारण दोन्ही ठिकाणी सुपरमार्केट, बेकरी आणि किनारा पायी चालण्याच्या टप्प्यात राहील अशी जागा शोधता येते.

जागा ठरवण्यापूर्वी मालकाला स्वयंपाकघराचा फोटो मागावा आणि चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: शेगडीला बर्नर किती, फ्रीजला फ्रीझर आहे का, तवा किंवा पसरट पॅन आहे का, आणि गाडी आवारात उभी करता येईल का. ‘किचनेट’ या शब्दाखाली केवळ एक मायक्रोवेव्ह आणि एक किटली निघालेली आमच्या शेजारच्या जोडप्याने अनुभवली.

गाडीचे दिवस मोजणे

सात दिवस राहायचे म्हणून सात दिवस गाडी घेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग मार्ग आहे. मधुचंद्राला गेलेली माणसे निम्मे दिवस किनाऱ्यावरून हलत नाहीत आणि गाडी दारात उभी राहून भाडे खाते. भाड्याची मोजणी चोवीस तासांची असते, याचा फायदा घ्यावा. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला घेतलेली गाडी सहाव्या दिवशी सकाळी नऊला परत केली तर भाडे तीनच दिवसांचे लागते आणि फिरायला पूर्ण तीन दिवस मिळतात. अनेक एजन्सी गाडी मुक्कामी आणून देतात आणि तिथूनच परत नेतात. त्याचे शुल्क मात्र आधी विचारून घ्यावे.

या हिशेबाने पहिल्या दिवशी विमानतळावरून टॅक्सी करावी आणि टॅक्सी ठरवतानाच ‘वाटेत सुपरमार्केटला अर्धा तास थांबायचे आहे’ हे चालकाला सांगून भाडे पक्के करावे. हळदीपासून सुरू झालेले जागरण आणि सहा-सात तासांचा विमानप्रवास अंगावर असताना अनोळखी रस्त्यावर स्टिअरिंग हाती न घेतलेलेच बरे. दुसरा दिवस किनाऱ्यावर जाऊ द्यावा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी अनुक्रमे नैर्ऋत्य, उत्तर आणि पूर्व अशी फिरती ठेवावी आणि पाचव्या दिवशी परतताना दुसरी, छोटी खरेदी करावी. उरलेल्या दिवसांत बोटीची सहल असेल तर तिचे आयोजक बहुधा मुक्कामावरून नेण्याआणण्याची सोय देतात. मुक्काम ल मॉर्न किंवा बेल मारला असेल तर हा हिशेब लागू होत नाही, तिथे पूर्ण मुदतीची गाडी घेणेच सोयीचे पडते.

मुंबईतच उरकायची कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना मॉरिशससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पुरावा मात्र सोबत ठेवावा लागतो. नवविवाहितेच्या बाबतीत खरी अडचण नावाची असते. पारपत्र माहेरच्या नावाचे असेल तर तिकीट, गाडीचे आरक्षण, विमा आणि कार्ड हे सर्व त्याच नावाने असू द्यावे. बँकेतले नाव हौसेने प्रवासाच्या आधी बदलू नये. परत आल्यावर सावकाश बदलता येते.

मॉरिशसमध्ये पर्यटकाला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते, आणि वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालत असल्यामुळे मुंबईकराला हात बसवायला वेळ लागत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवावा असे मी सुचवेन, कारण मराठी मजकूर असलेला जुना परवाना किंवा अक्षरे पुसट झालेले स्मार्ट कार्ड पाहून खिडकीवर निष्कारण चर्चा होते. त्यासाठी आपला परवाना ज्या आरटीओच्या कक्षेत येतो तिथे, म्हणजे ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवली यांपैकी लागू असेल तिथे, परिवहनच्या संकेतस्थळावरून नमुना ४-अ भरून अर्ज करावा. शुल्क १,००० रुपये आहे आणि परवाना एक वर्ष चालतो. हा परवाना दोघांनीही काढावा. एकाचा पाय मुरगळला किंवा एकाला समुद्रकिनारी बिअर प्यावीशी वाटली तर दुसऱ्याने गाडी चालवायची असते, आणि करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर विमा उरत नाही. दुसऱ्या चालकाचे नाव घालायला थोडे पैसे पडले तरी ते घालावेच.

क्रेडिट कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून मर्यादा वाढवून ठेवाव्यात. अनामत रक्कम प्रत्यक्ष वळती होत नसली तरी तेवढी मर्यादा अडकून पडते, याचे भान ठेवून खर्चासाठी दुसरे कार्ड न्यावे. २०२४ च्या फेब्रुवारीत मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे सुरू झाले आहे, पण भाजीवाला आणि धोल पुरीची (सारण भरलेल्या मऊ पोळीची) हातगाडी यांच्याकडे रोख रुपये लागतात. तिथल्या चलनाचे नावही रुपयाच आहे आणि त्या एका रुपयासाठी आपले दीड ते दोन रुपये मोजावे लागतात, हे पहिले दोन दिवस सतत विसरायला होते. कार्ड घासताना यंत्राने ‘भारतीय रुपयांत की मॉरिशियन रुपयांत’ असे विचारले तर मॉरिशियन रुपये निवडावेत. भारतीय रुपये निवडल्यास दुकानाकडून मिळणारा विनिमय दर बहुधा महाग पडतो.

आरक्षण आणि विमा

दोन माणसे आणि दोन मोठ्या बॅगा यांना लहान हॅचबॅक पुरते. दुसरी बॅग बहुधा मागच्या आसनावर जाते, म्हणून किराणा आणि बॅगा एकाच फेरीत येतील अशी वेळ शक्यतो येऊ देऊ नये. नैर्ऋत्येकडच्या शामारेलच्या घाटात गिअरची गाडी अधिक ताब्यात राहते असे मला वाटते, पण एरवी ऑटोमॅटिकची सवय असलेल्याने तिथे जाऊन क्लच आठवत बसू नये.

जाहिरातीत दिसणारे रोजचे भाडे हा खर्चाचा एक भाग झाला, खरा प्रश्न विम्याचा असतो. मूळ भाड्यात बहुधा ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ असते, म्हणजे गाडीला इजा झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचा भार आपल्यावर आणि त्यापुढचा कंपनीवर. या ठरावीक रकमेला ‘एक्सेस’ म्हणतात आणि साधारण तेवढीच रक्कम कार्डावर अडकवली जाते. आरक्षण करताना ईमेलने पाच प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावे. एक्सेस किती आहे? तो कमी किंवा शून्य करायला रोजचे किती पैसे? टायर, काचा, आरसे आणि गाडीचा तळ विम्यात येतात का? चावी हरवली तर काय? आणि रात्री गाडी बंद पडली तर फोन कोण उचलते? यांपैकी टायर आणि तळ यांच्या उत्तरावर सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण तिथल्या गावांतले रस्ते अरुंद असून कडेला पावसाच्या पाण्याची उघडी, खोल गटारे असतात, आणि समोरून बस आली की माणूस आपोआप डावीकडे सरकतो. गाडी वाळूवर किंवा उसाच्या शेतातल्या कच्च्या वाटेवर नेल्यास विमा बहुतेक करारांत रद्द होतो. फोटोसाठी तो मोह अनेकांना होतो.

तीनच दिवसांचा प्रश्न असेल तर एक्सेस शून्य करणारा वाढीव विमा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुचंद्रात ओरखड्यावरून होणारे भांडण त्या पैशांपेक्षा महाग पडते.

गाडी ताब्यात घेताना

या कामाला वीस मिनिटे लागतात आणि ती कर्मचाऱ्याच्या घाईपोटी दहा करू नयेत. गाडी सावलीतून उन्हात काढायला सांगावी, कारण पांढऱ्या गाडीवरचे ओरखडे सावलीत दिसत नाहीत. पाऊस पडून गेला असेल तर दरवाजांवरून कापड फिरवून घ्यावे. मग एकाने मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यावा आणि दुसऱ्याने शेजारून चालत प्रत्येक खूण मोठ्याने सांगावी: डावा मागचा दरवाजा, हँडलखाली बोटभर ओरखडा, पुढचे उजवे चाक, कडा घासलेली. छप्पर, चारही चाकांच्या कडा, पुढच्या काचेवरचे टाचणीएवढे खड्डे, आणि खाली वाकून पुढच्या बंपरचा तळ, एवढे सर्व त्यात आले पाहिजे. आम्ही बंपरचा तळ घेतला नव्हता. परत करताना कर्मचारी थेट गुडघ्यावर बसला, तिथे बोट फिरवले, आणि अनामतीतून काही रक्कम कापली गेली. तो ओरखडा आमचा होता की आधीचा हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. व्हिडिओ असता तर सांगू शकले असते.

व्हिडिओनंतर इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचा फोटो घ्यावा, डिकी उघडून सुटे चाक, जॅक आणि पाना आहेत का हे पाहावे, आणि वायपर, हेडलाइट व एसी चालवून पाहावेत. इंधनाची टाकी कोणती बाजू आणि झाकण कसे उघडते हे तिथेच विचारावे. शेवटी करारावरच्या गाडीच्या चित्रात सगळ्या खुणा नोंदल्या आहेत याची खात्री झाल्याशिवाय सही करू नये.

मुंबईहून काय न्यावे

याबाबत घरातल्या वडीलधाऱ्यांशी थोडा वाद घालावा लागतो. तिथे तांदूळ, डाळी, हळद, जिरे, मोहरी आणि कणीक सहज मिळते, कारण लोकसंख्येतला मोठा हिस्सा भारतीय वंशाचा आहे. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांत मराठी माणसेही होती आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे दोन किलो तांदूळ बॅगेत घालण्यात अर्थ नाही. न्यायचे ते इथलेच आणि हलके: गोडा मसाला, मेतकूट, लसणीची चटणी, जाड पोहे, थालीपिठाची भाजणी आणि चहाची आपली रोजची पूड. सर्व काही दुकानाच्या सीलबंद पाकिटात असावे. पुडीत बांधलेली पिवळसर पूड परदेशी सीमाशुल्क अधिकाऱ्याला समजावून सांगणे हा विनोदाचा विषय फक्त नंतर होतो.

ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, रोपे आणि बियाणे नेऊ नये. वनस्पतिजन्य वस्तूंबाबत मॉरिशसचे नियम कडक आहेत आणि त्यासाठी आधी परवानगी लागते. ओटीचा नारळ आईने कितीही प्रेमाने दिला तरी तो घरीच राहू द्यावा. सुके खोबरे तर तेलामुळे ज्वलनशील मानले जाते आणि विमानकंपन्या ते सामानात घेऊ देत नाहीत. लोणचे आणि तूप हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत दुहेरी पिशवीत घालावे. एक धारदार छोटी सुरी, चहाची गाळणी आणि दोन कापडी पिशव्या याही मोठ्या बॅगेत टाकाव्यात, कारण भाड्याच्या घरातल्या सुऱ्या टोमॅटोही धड कापत नाहीत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर मॉरिशसने २०१६ च्या जानेवारीपासून बंदी घातलेली आहे. तिथे तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश आणि दोन गोल पिनांचे युरोपीय असे दोन्ही प्रकारचे सॉकेट दिसतात, म्हणून अडॅप्टर न्यावा.

पहिल्या संध्याकाळची खरेदी

विमान उतरण्याची वेळ आणि दुकान बंद होण्याची वेळ यांचा मेळ मुंबईतूनच घालावा. मुंबईत रात्री अकराला वाणी शटर अर्धे ओढून का होईना सामान देतो, तशी तिथे सवय नाही. संध्याकाळ झाली की गावे लवकर शांत होतात, आणि रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी अनेक सुपरमार्केट दुपारीच बंद होतात. सुट्ट्याही विविध आहेत: महाशिवरात्र, चिनी वसंतोत्सव, ईद, दिवाळी आणि नाताळ, शिवाय १ फेब्रुवारी, १२ मार्च आणि २ नोव्हेंबर. मुक्कामाच्या आठवड्यात यांपैकी काही येते का हे पाहून आदल्या दिवशी खरेदी उरकावी.

सुपर यू आणि विनर्स ही तिथली सर्वत्र माहीत असलेली सुपरमार्केट आहेत. ग्राँ बेचे सुपर यू इतके मोठे आहे की यादीशिवाय आत गेल्यास तास सहज जातो, आणि बाहेर टॅक्सीवाला थांबलेला असतो. म्हणून पहिली खरेदी फक्त तीन दिवसांची आणि अर्ध्या तासात होईल एवढीच ठेवावी: पिण्याच्या पाण्याच्या दीड लिटरच्या सहा बाटल्या, एक लिटर दूध, सहा अंडी, एक ब्रेड, लोणी, अर्धा किलो तांदूळ, पाव किलो मसूर डाळ, तेलाची सर्वांत लहान बाटली, मीठ, साखर, कांदे-बटाटे-टोमॅटो मिळून दीड किलो, एक अननस, साबण आणि भांडी घासायचा स्पंज. मसूर डाळ मुद्दाम सांगते आहे, कारण भाड्याच्या घरात कुकर नसतो आणि तूरडाळ साध्या पातेल्यात शिजेपर्यंत सूर्यास्त निघून जातो. मीठ, साखर आणि तेल आधीच्या पाहुण्यांनी मागे ठेवलेले असते का, हे मालकाला विचारून घेतले तर ती तीन नावे यादीतून गळतात.

वेष्टनावरचा मजकूर बहुतेक फ्रेंच असतो, आणि शाकाहारी माणसाने तो वाचायला शिकणे भाग आहे. आपल्याकडे पाकिटावर जो हिरवा ठिपका पाहायची सवय असते, तो स्थानिक आणि युरोपीय मालावर नसतो. ‘उफ’ म्हणजे अंडे, ‘पुले’ म्हणजे कोंबडी, ‘बफ’ म्हणजे गोमांस, ‘पोर’ म्हणजे डुकराचे मांस आणि ‘पुआसों’ म्हणजे मासा. हे शब्द रोमन लिपीत मोबाइलमध्ये लिहून ठेवावेत. सूपच्या पाकिटांत आणि नूडल्सच्या मसाल्यात मांसाचा अर्क असू शकतो, तर दह्याच्या गोड डब्यांत आणि जेलीत जिलेटिन असू शकते. ‘फारीन’ म्हणजे मैदा. कणीक हवी असेल तर भारतीय मालाच्या कप्प्यात ‘आटा’ शोधावा. आम्ही घाईत फारीन उचलली आणि तीन दिवस भाजणीवर गुजराण केली.

बाजारचा दिवस

ताजी भाजी सुपरमार्केटपेक्षा बाजारात चांगली मिळते आणि तो बाजार पाहण्यासाठी म्हणूनही जावे. माहेबूरचा बाजार सोमवारी भरतो आणि पूर्वेला फ्लाकचा मोठा उघडा बाजार रविवारी. राजधानी पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजारही प्रसिद्ध आहे, पण तिथे गाडी लावण्याचा ताप आहे. गाडीचे तीन दिवस ठरवताना यांतला एक बाजार त्यात बसेल असे पाहावे आणि सकाळी नऊच्या आत पोहोचावे.

माहेबूरला मी एका आजीबाईंच्या पाटीसमोर उभी राहून इंग्रजीत कोथिंबीर मागत होते. त्यांना कळेना. मग त्यांनीच एक जुडी उचलून नाकाजवळ धरली आणि म्हणाल्या, “कोतोमिली?” मी मान डोलावली. तो शब्द ऐकून इतके बरे वाटले की दोन जुड्या घेतल्या आणि दुसरी फ्रीजमध्ये काळी पडली. तिथल्या क्रिओल भाषेत भेंडीला ‘लालो’, कारल्याला ‘मारगोज’, वांग्याला ‘ब्रेंजेल’, दोडक्याला ‘पिपांगाय’ आणि पालेभाज्यांना सरसकट ‘ब्रेद’ म्हणतात, तर टोमॅटोला ‘पोम दामूर’, म्हणजे प्रेमाचे सफरचंद. भाव किलोचा आहे की अर्ध्या किलोचा, हे आधी विचारावे. पाटीवरचा आकडा स्वस्त वाटला तर तो बहुधा अर्ध्या किलोचा असतो. लहान, गोड ‘व्हिक्टोरिया’ अननस विक्रेते देठ धरता येईल असा सोलून देतात, आणि तो तिथेच तिखटमीठ लावून खावा. डिसेंबरच्या सुमारास लिची असतात.

बाजारच्या दिवशी घरी रांधण्याचा आग्रह धरू नये. धोल पुरी, म्हणजे वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली मऊ पोळी, दोन-दोनच्या जोडीने उसळ आणि चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. पुरणपोळीची ही तिखट चुलतबहीण आहे असे नवऱ्याचे म्हणणे पडले. ‘गातो पिमाँ’ या नावाला घाबरू नये, तो आपला डाळवडाच आहे, फक्त लहान. एक वेळचे जेवण बाहेर आणि एक वेळचे घरी हे प्रमाण आम्हांला मानवले. सकाळचा चहा-पोहे मात्र रोज घरीच.

रस्त्यावर

विमानतळ ते पोर्ट लुई आणि पुढे उत्तरेला जाणारा महामार्ग उत्तम आहे. त्यावर कमाल वेग ताशी ११० किलोमीटर असला तरी टप्प्याटप्प्याने तो कमी होतो आणि कॅमेरे बसवलेले आहेत. दंडाची चिठ्ठी एजन्सीकडे येते आणि ती वसुली आपल्या कार्डावरून होते. गोल चौकांत उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे हा नियम तिथे खरोखर पाळला जातो, आणि हॉर्न आपल्यासारखा बोलण्याऐवजी वाजवला जात नाही. कामाच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी पोर्ट लुईच्या आसपास कोंडी होते, म्हणून उत्तरेची सहल नऊनंतर सुरू करावी. पोर्ट लुई, क्युरपीप आणि कात्र बॉर्न इथे रस्त्याकडेला गाडी लावण्यासाठी पार्किंगची कुपने लागतात. ती पेट्रोल पंपावर मिळतात, पंपावर पेट्रोल भरतानाच घेऊन ठेवावीत. पेट्रोलचे दर सरकार ठरवते आणि ते बेटभर सारखेच असतात, त्यामुळे स्वस्त पंप शोधत फिरण्याचे कारण नाही.

नैर्ऋत्येच्या दिवशी शामारेल, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस आणि गंगा तलाव एका फेरीत होतात. गंगा तलावाकाठी ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस हजारो भाविक कावडी घेऊन चालत तिकडे जातात आणि रस्ते माणसांनी भरतात, म्हणून त्या आठवड्यात गाडी तिकडे नेऊ नये. दक्षिण किनाऱ्यावर बे दु काप जवळचे माकोंदेचे वळण समुद्राला चिकटून इतके तीव्र आहे की फोटो काढायला गाडी वळणावर न थांबवता पुढे सुरक्षित जागी लावून चालत यावे. जून ते डिसेंबर उसाची तोडणी चालते आणि उसाने खच्चून भरलेले ट्रक संथ पुढे असतात. त्यांना ओलांडण्याची घाई करू नये. अंधार पडल्यावर शेतांमधल्या रस्त्यांवर दिवे नसतात, कडेने माणसे आणि कुत्री चालत असतात, म्हणून तिथल्या हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत बुडतो हे धरून परतीची वेळ ठरवावी. गाडी भाड्याची आहे हे चोरालाही कळते, तेव्हा किराण्याच्या पिशव्या किंवा पर्स आसनावर ठेवून किनाऱ्यावर उतरू नये.

फ्रीज रिकामा करणे आणि गाडी परत देणे

पाचव्या दिवशीची दुसरी खरेदी लिहिताना उरलेली जेवणे मोजावीत. तीन रात्री आणि तीन सकाळी राहिल्या असतील तर अर्धा लिटर दूध, चार अंडी, एक भाजी आणि पाणी एवढेच पुरते. शेवटच्या रात्री कांदा, बटाटा आणि उरलेला तांदूळ यांची खिचडी करावी, त्यात गोडा मसाला घालावा आणि उघडलेली पाकिटे संपवावीत. न उघडलेले सामान फेकू नये. घर साफ करायला येणाऱ्या बाईंना विचारून द्यावे. आमच्या घरी येणाऱ्या बाईंनी भाजणीचे पाकीट वास घेऊन परत केले आणि चहापूड मात्र आनंदाने ठेवून घेतली.

गाडी परत देण्याच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरून पावती घ्यावी, आतली वाळू झाडावी, कारण वाळूबद्दल सफाईचे शुल्क लागू शकते, आणि डॅशबोर्डचा कप्पा, दारांचे खण व आसनांखालची जागा रिकामी करावी. परत देतानाही आधीसारखाच सलग व्हिडिओ घ्यावा, या वेळी बंपरच्या तळासकट, आणि ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ अशी सही असलेला कागद मागावा. अनामत मोकळी व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोपर्यंत करार, पेट्रोलची पावती आणि दोन्ही व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नयेत, आणि कार्डाचे पुढचे विवरणपत्र आले की त्यात मॉरिशसहून उशिरा आलेली एखादी रक्कम आहे का हे ओळ न ओळ तपासावे.